दारी घोडा बांधण्यापूर्वी

धुळ्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. त्यांचे घर मोठे, तीन भाऊ एकत्र राहणारे. वाड्याच्या मागील अंगास आजेसासऱ्यांच्या वेळची पागा अद्याप उभी असून तीत हल्ली मोडके पलंग व सरपण भरलेले असते. त्यांच्या धाकट्या दिरांनी येत्या दत्तजयंतीस सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणावयाचा बेत केला आहे; चौदा वर्षांच्या चिरंजीवांस त्या नादाने रात्री झोप येत नाही; आणि सासूबाईंचे म्हणणे असे की, दारात दोन मोटारी उभ्या असता हे नसते लचांड कशास हवे? 'आपले मत काय? हो म्हणावे की नाही म्हणावे?' असे भगिनींनी विचारले आहे. मार्गशीर्ष जवळ आला की खानदेशातील पुष्कळ घरांतून हा प्रश्न निघतो. म्हणून त्याचे उत्तर खासगी पत्राने न देता या सदरातूनच देत आहो.

प्रथम एक जुनी हकीकत सांगणे अवश्य आहे. जळगावास आमच्या मामांचे घर असेच भरलेले होते. मामा वकील, गिरणेकाठी त्यांची थोडी शेती होती, आणि तेथे जाण्यायेण्यासाठी त्यांनी कुमैत रंगाची एक घोडी बाळगली होती. तिचे नाव चंद्री. १९७४ सालच्या वैशाखात धाकट्या मामेभावाची मुंज निघाली, आणि नेमका त्याच आठवड्यात घोडीचा मोतद्दार घरच्या लग्नासाठी रजेवर गेला. घोडीची काळजी घेण्याचे काम सर्वांनीच हौसेने आपल्या अंगावर घेतले. पहाटे मामींनी रोजची चंदी दिली. ती कोणी दिली नसेल अशा समजुतीने थोरल्या भावाने दुसरा तोबरा चढविला. मुलांनी कोठीतील गहू ओंजळीओंजळीने नेऊन चारले. पंगती उठल्यावर उरलेला भात व पुरणपोळ्या कोणी तिच्यापुढे ठेवल्या. पाणी मात्र दुसऱ्या कोणी तरी दाखविले असेल, असे जो तो समजला.

तिसरे प्रहरी घोडी वळूनवळून आपल्या पोटाकडे पाहू लागली. पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. बसे, लोळे, पुन्हा उठे. अंगावरून घामाच्या धारा लागल्या. पशुवैद्य दुसऱ्या गावी गेलेले, ते रात्री आले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "आज हिने काय काय खाल्ले, आणि पाणी केव्हा प्याली?" अंगणात वीस-पंचवीस माणसे उभी होती. एकाच्यानेही उत्तर देववले नाही. पहाटे घोडी गेली. मामांनी पुढे घोडे ठेवले नाही.

एकत्र कुटुंबात घोडा ठेवण्यातील मुख्य अडचण या एका प्रसंगात आली आहे. घोडा सर्वांचा असला म्हणजे त्याला खाऊ घालणारे पुष्कळ होतात, आणि त्याचा हिशेब ठेवणारा कोणीच उरत नाही. गाय, म्हैस किंवा बैल यांच्या बाबतीत असा गोंधळ पुष्कळ अंशी निभावून जातो. घोड्याच्या बाबतीत तो प्राणावर बेततो, आणि याचे कारण त्याच्या शरीररचनेत आहे.

गाईचे पोट चार कप्प्यांचे असून ती रवंथ करते. घोड्याचे जठर एकच आणि देहमानाने फारच लहान, दहा-पंधरा लिटरांहून अधिक त्यात मावत नाही. शिवाय घोड्यास वांती होत नाही. एकदा गिळलेले वर येण्याची वाटच नाही. धान्य एका वेळी फार झाले की ते आत आंबते, वायू धरतो, आणि पोटशूळ उठतो. त्यातून वाचलाच, तर पुष्कळदा खुरांच्या आत दाह होऊन तो कायमचा लंगडा होतो. निसर्गाने या प्राण्याला दिवसाचे सोळा तास चालत चालत थोडे थोडे गवत खाण्यासाठी घडविले आहे. धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की मेंढरे घेऊन बाहेर पडतात, आणि त्यांचे सारे बिऱ्हाड लहानशा तट्टांच्या पाठीवर असते. ती तट्टे दिवसभर चालतात व वाटेने चरतात. त्यांच्या वाट्याला चंदी क्वचितच येते, परंतु वाड्यात बांधून ठेवलेल्या घोड्यापेक्षा त्यांचे खाणे घोड्याच्या प्रकृतीस अधिक मानवणारे असते.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. साधारण साडेतीनशे किलो वजनाच्या घोडीस रोज सहा ते सात किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे वर्षाची जवळजवळ पंचवीस क्विंटल. हलके काम असेल तर चंदी दिवसाची दीड ते दोन किलो पुरे. जव किंवा ओट, थोडा भिजविलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा असे मिश्रण करावे व ते दोन-तीन वेळांत विभागून द्यावे. वर्षाचे धान्य सहा-सात क्विंटल होते. पाणी रोज पंचवीस ते चाळीस लिटर, आणि वैशाखात त्याहून पुष्कळ अधिक. नाल दर सहा-सात आठवड्यांनी काढून, खूर तासून पुन्हा बसवावे लागतात. तेव्हा नालबंदाच्या वर्षातून सात-आठ फेऱ्या धरल्या पाहिजेत. या आकड्यांपुढे आपल्या गावचे चालू भाव मांडून बेरीज करावी. घोडीची किंमत एकदाच द्यावी लागते. ही बेरीज दरसाल द्यावी लागते, आणि नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो.

वैरणीविषयी खानदेशातील घरांनी काही गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्या. आपल्याकडे ज्वारीचा कडबा मुबलक. परंतु त्याची जाड धांडे घोड्यास तशीच टाकू नयेत. बारीक कुट्टी करावी व निम्मे तरी सुके गवत मिसळावे. ज्वारी काढल्यावर शेतात जे हिरवे फुटवे येतात, त्यांत घोडा मुळीच सोडू नये. त्यांतील विषारी द्रव्याने मूत्राशय व मागचे पाय निकामी होतात. सरकी व पेंड बैलासाठी राहू द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुकानात मिळणारे गाईम्हशींचे तयार खाद्य घोड्यास कधीही देऊ नये. त्यांपैकी काहींत मोनेन्सिन नावाचे औषध घातलेले असते. गाईस ते उपकारक, परंतु घोड्यास अल्प प्रमाणातही प्राणघातक होते. गोठा व पागा एकाच अंगणात असतील, तर दोन्ही खाद्यांच्या पेट्या वेगळ्या खोल्यांत ठेवाव्या. एखादे केळे लाडाने दिले तर बिघडत नाही. परंतु यावल-रावेरच्या बागांतून आलेला घडच्या घड मुलांनी दारात नेऊन ठेवू नये.

घोडा बांधून असेल त्या दिवशी चंदी निम्मी करावी, व तो कामाला लागला की हळूहळू वाढवावी. एक-दोन दिवस उभा राहून पूर्ण चंदी खाल्लेला घोडा तिसऱ्या दिवशी एकदम पळविला, तर त्याच्या पाठीमांड्यांचे स्नायू ताठतात व लघवी काळसर होते. दमून आलेल्या घोड्यास पाणी देऊ नये असा एक जुना समज आहे. तो आता सोडावा. त्यास सावकाश फिरवीत साधे पाणी पाजण्यास हरकत नाही; चंदी मात्र श्वास शांत झाल्यावर तासाभराने द्यावी. पाण्याजवळ खडे मीठ ठेवावे. चैत्र-वैशाखात आपल्याकडे उन्हाचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. त्या दिवसांत स्वारी सकाळी आठाच्या आत आटोपावी, आणि पागेवर नुसते पत्रे असतील तर त्यांवर गवताचे छप्पर घालावे. जागा बारा फूट लांब व बारा फूट रुंद असली, की घोड्यास वळता व आडवे होता येते.

आता खरेदीविषयी. सारंगखेडे हे तापीकाठचे गाव शहादे तालुक्यातले. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच मोडत असे. तेथील एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्षी पौर्णिमेस भरते, आणि तिच्याबरोबर भरणारा घोडेबाजार साऱ्या देशात नावाजलेला आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश इतक्या दुरून व्यापारी येतात. कानांची टोके आत वळून परस्परांस भिडतात असे मारवाडी व काठेवाडी घोडे, पांढरेशुभ्र नुकरे, काळेभोर मुश्की, अबलख व पंचकल्याणी हे सारे पाहून नवख्या माणसाचे भान हरपते. आणि भान हरपलेले गिऱ्हाईक व्यापाऱ्यास हवेच असते.

बाजारात किंमत ठरते ती पुष्कळशी भोवऱ्यांवरून. गळ्यावरचा देवमण शुभ, अमक्या जागचा भोवरा अशुभ, हे शास्त्र फार जुने. शालिहोत्राच्या परंपरेतील ग्रंथांत, नकुलाच्या नावावर असलेल्या अश्वचिकित्सेत व जयदत्ताच्या अश्ववैद्यकात घोड्यांची लक्षणे सविस्तर दिली आहेत. घरातील वडील माणसांचे समाधान व्हावे म्हणून भोवरे अवश्य पाहावे. परंतु त्याच प्राचीनांनी घोड्याचे खूर, दात, डोळे व चालही तितक्याच बारकाईने पाहिली होती, हे विसरू नये. भोवऱ्याच्या नावाखाली वाढलेले पैसे पायांच्या तपासणीवर खर्च केले, तर अधिक सार्थकी लागतील.

ती तपासणी अशी करावी. घोडी एकदा दुपारी व एकदा भल्या पहाटे, अशी दोन निराळ्या वेळी पाहावी. गुंगीचे औषध देऊन शांत केलेले जनावर दुसऱ्या भेटीत ओळखू येते. कठीण जमिनीवर प्रथम सावकाश व नंतर दुडक्या चालीने, सैल दोरीवर चालवून घ्यावी. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उडवितो. चारही खुरांवर हात ठेवून उष्णता सारखी आहे की काय ते पाहावे. दात पाहावे: अडीच वर्षांच्या सुमारास दुधाचे मधले दोन दात पडून पक्के येतात, साडेतीनास त्यांच्या शेजारचे, साडेचारास कडेचे, आणि पाचव्या वर्षी तोंड भरते, पुढे सात-आठ वर्षांपर्यंत खालच्या दातांवरील खळग्यांच्या झिजेवरून वय सांगता येते, त्यानंतर केवळ अंदाज. विक्रेत्याने आपल्यासमोर खोगीर घालून स्वतः बसून दाखविल्याशिवाय घरच्या माणसाने पाय रिकिबीत घालू नये.

मुलासाठी घोडी घ्यावयाची तर ती सात ते बारा वर्षांची, मुरलेली व शांत स्वभावाची असावी. 'शिंगरू घेऊ, म्हणजे मुलगा आणि ते बरोबरच वाढतील' हा विचार ऐकावयास गोड आहे. परंतु दोघेही अजाण असले की हातपाय मोडतात. चारपाईवर नाचणारी घोडी पाहून तर मुळीच भुलू नये. उंच मारवाडी घोड्यापेक्षा आपल्या दख्खनचे लहान चणीचे भीमथडी तट्टू मुलास अधिक सोयीचे. मराठ्यांच्या फौजा याच घोड्यांच्या पाठीवर दूरदूर गेल्या.

पैसे देण्यापूर्वी आपल्या पशुवैद्याकडून रक्ताची तपासणी करवून घ्यावी. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसासही होतो व त्यावर घोड्यास उपचार करू देत नाहीत. २००९ च्या कायद्याप्रमाणे बाधित जनावर नष्ट करावे लागते. २००६ साली तो महाराष्ट्रातही आढळला होता. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या रोगाची परीक्षा होते. रक्त शोषणाऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगासाठीही रक्त पाहून घ्यावे. घरी आणल्यावर पहिले काही आठवडे घोडी इतर जनावरांपासून वेगळी ठेवावी. धनुर्वाताचे जंतू लिदीत व पागेच्या मातीत असतात. म्हणून घोडीस धनुर्वाताची लस द्यावी, आणि तिच्याजवळ वावरणाऱ्या घरच्या माणसांनीही आपली लस चुकवू नये.

रोजची निगा सांगावयाची तर थोडकीच आहे, परंतु ती रोजची आहे. सकाळी खरारा, चारही खूर उचलून बोथट आकडीने आतील माती व लीद काढणे, पागा झाडणे, लीद किती व कशी पडली हे पाहणे. लीद थांबली म्हणजे पोटाचे दुखणे दाराशी आले असे समजावे व चंदी बंद करून पशुवैद्यास बोलवावे. श्रावण-भाद्रपदात काळ्या मातीचा चिखल खुरात बसून तळव्याचा मऊ भाग कुजतो व दुर्गंधी येते. तेव्हा उभे राहण्याची जागा कोरडी ठेवावी.

स्वारीच्या बाबतीत चार नियम मुलांकडून पाठ करवून घ्यावे. घोड्याच्या मागून न बोलता जाऊ नये. दोरी हाताभोवती गुंडाळू नये. घोडा बुजला तर बोटे जातात. तंग एकदा आवळून दहा पावले चालविल्यावर पुन्हा पाहावा, कारण घोडा प्रथम पोट फुगवून उभा राहतो. आणि हेल्मेट घातल्याशिवाय, तसेच टाच असलेले जोडे पायात असल्याशिवाय बसू नये. खोगिरासह स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक नसावे. तीनशे किलोच्या तट्टावर साठ किलो ही हद्द झाली. धाकट्या दिरांचे वजन आम्हांस ठाऊक नाही. ते त्यांनी स्वतःच पाहावे.

आणखी एक अडचण आधीच सांगून ठेवतो. दारी घोडी आली की आळीतील प्रत्येक लग्नघरातून 'नवरदेवासाठी एक तासभर द्या' असा निरोप येईल. फटाके, ध्वनिवर्धकांचा गजर आणि गर्दी यांची सवय नसलेली घोडी वरातीत उधळली, तर नवरदेव, घोडी आणि शेजारधर्म हे तिन्ही एकदम जातात. पहिल्याच निरोपास नम्रपणे नकार द्यावा. दुसऱ्यास देणे मग कठीण जात नाही.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. भगिनींनी आपल्या दिरांस एवढेच विचारावे: चिरंजीव आज चौदा वर्षांचे आहेत, चार वर्षांनी ते शिक्षणासाठी पुण्यास किंवा मुंबईस जातील. आठ वर्षांची घोडी त्या वेळी बाराची असेल, आणि पुढे तेरा-चौदा वर्षे तिला याच पागेत काढावयाची आहेत. तेव्हा तिचा माणूस कोण? 'आम्ही सगळेच आहोत' हे उत्तर आले, तर बेत येथेच थांबवावा. 'मी' असे कोणी एकाने म्हटले, तर पुढे जावे.

पुढे जावयाचे ते असे. आज पागेतील सरपण काढून ती स्वच्छ करावी. दत्तजयंतीपर्यंत चिरंजीवांनी दिरांसह रोज पहाटे एखाद्या घोडेवाल्याकडे जाऊन खरारा, खूर व पागा ही कामे करावी. स्वारीचे नाव काढू नये. पागेच्या खांबास एक पाटी अडकवावी व तीवर चंदी, वैरण, पाणी, लीद आणि नालांची तारीख यांची घरे आखावी; घोडी येण्यापूर्वीच तेथील कामाचा हिशेब तीवर लिहावयास लागावे. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी पाटीवर खाडा नसेल, तर खुशाल सारंगखेड्यास जावे. एक जरी आठवडा कोरा गेला असेल, तर यात्रा करून, दत्ताचे दर्शन घेऊन परत यावे. बाजार पुढच्या वर्षीही भरणारच आहे.

आणि चंदीच्या पेटीस कुलूप घालून त्याची किल्ली सासूबाईंच्या कनवटीस द्यावी. घोडी येऊ नये असे ज्यांस वाटते, त्यांच्याच हाती ती किल्ली अधिक सुरक्षित राहील. पशुवैद्याने उद्या विचारले की 'हिने आज काय खाल्ले?', तर निदान या घरात उत्तर देणारे एक माणूस असेल.